टॉवेलाखाली ठरलेलं घर

घर फोनवर बघून घेता येतं, असं मला वाटत होतं. ही माझी पहिली चूक. आणि ते मी सकाळी गॅलरीत उभं राहून मोठ्यानं बोललो, ही दुसरी. कोल्हापुरात माणसानं मनातल्या मनात बोलावं, आणि तेही दार लावून.

झालं असं, की माझ्या बायकोला, निशिगंधाला, कळंब्यातल्या एका घराची जाहिरात फोनवर सापडली होती. बैठं घर, पुढं अंगण, मागं परस आणि परसात शेवग्याचं झाड. तिनं ते फोटो इतक्यांदा बघितले होते, की फोन उघडला की आधी शेवगा यायचा आणि मग बाकीचं जग. आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला आमच्याच दोन खोल्या लागणार होत्या. तेव्हा घर हवं होतं, लवकर हवं होतं आणि निशिगंधाला हेच हवं होतं. याआधी दाखवलेल्या प्रत्येक फ्लॅटला तिनं "बरा आहे" म्हटलं होतं. बायको ज्याला "बरं आहे" म्हणते ते घ्यायचं नसतं, एवढं मला संसारातून कळलेलं आहे.

"फोटो स्वच्छ आहेत," मी म्हणालो. "फोन करतो आणि आपला आकडा सांगून टाकतो. जायचं कशाला उन्हात?"

शेजारच्या गॅलरीत अमरसिंह दात घासत होते. त्यांचा ब्रश थांबला. अमरसिंह साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या कामात पूर्णवेळ रुजू आहेत.

"लायब्ररीवाले," ते तोंडातला फेस सांभाळत म्हणाले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण हा शब्द गल्लीत कुणी उच्चारत नाही. "म्हैस कवा फोटोवरनं घेत्यात व्हय? फोटोत समदीच दूध देत्यात. घर हाताला लागाय पायजे. भित ठोकाय पायजे. रविवारी जायाचं आपण."

"आपण" हा शब्द तेव्हा दोघातिघांपुरता होता. तो रविवारपर्यंत वाढत गेला. अमरसिंहांच्या सौभाग्यवती, संयोगितावहिनी, दिशा बघायला येणार होत्या. त्यांनी वास्तूचा कसलासा कोर्स ऑनलाइन केला होता आणि फोनमध्ये होकायंत्र घेतलं होतं. खालच्या मजल्यावरचे दस्तगीरभाई गाडी घेऊन येणार होते. त्यांचा गादी कारखाना आहे आणि जुनी ओम्नी आहे. त्यांच्या मते घराची परीक्षा एकच. "डबल गादी न दुमडता आतल्या खोलीत जातीय का? जात आसंल तर घर. न्हाईतर खुराडं."

शनिवारी संध्याकाळी आमच्या खोलीत बैठक झाली. धोरण अमरसिंहांनी ठरवलं. घरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नावं ठेवायची. काहीही आवडलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. माझा चेहरा मुळातच तसा असल्यामुळं माझी काळजी नव्हती. धोका निशिगंधाचा होता. तिला एखादी वस्तू आवडली, की ती विकणाऱ्याच्या तोंडावर सांगते आणि मग आम्ही ती वस्तू जास्त पैसे देऊन घरी आणतो.

"वहिनी, तुमी बोलायचंच न्हाई," अमरसिंहांनी फर्मावलं. "आवडलं की नुसतं खोकायचं. म्हंजे आमाला कळंल."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर काय, सरळ श्वास घ्यायचा."

रविवारी निघालो. गल्लीत भेटेल तो विचारायचा, "कुटं निघालासा?" आणि मी "कळंब्याला" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "किती वर्सं?" तुरुंग असलेल्या गावात घर घेणाऱ्यानं हा विनोद आयुष्यभर ऐकायची तयारी ठेवावी. मी दोनतीनदा हसलो. नंतर मात्र खिडकीची काच वर घेतली.

पत्ता फोनवर मिळाला होता तो असा: तलावाच्या अंगाला, पिवळं घर, लोखंडी गेट. पुढं विचारायला फोन लावावा तर मालक उचलत नव्हते. घरांना नंबर होते, पण जुने वेगळे आणि नवे वेगळे, आणि काहींनी रंग देताना दोन्ही पुसून टाकलेले. एका पिवळ्या घराचं गेट उघडं दिसलं. दस्तगीरभाईंनी गाडी लावली आणि आम्ही आत शिरलो.

अंगणात एक गृहस्थ बनियनवर उभे राहून दाढी करत होते. खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला, अर्धा चेहरा फेसानं भरलेला. त्यांनी आमच्याकडं बघितलं. माझ्या काखेत फाईल होती, खिशाला पेन होतं. अमरसिंह सरळ भिंतीपाशी जाऊन ती बोटांनी ठोकायला लागले होते. संयोगितावहिनी फोन आडवा धरून स्वतःभोवती फिरत होत्या. त्यांच्या पर्सला लोहचुंबकाचं बटण असल्यामुळं त्या पर्स ज्या खांद्याला लावतील त्या बाजूला उत्तर जात होती, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"या सायेब, या," गृहस्थ फेसासकट नम्र झाले. "मी गुंडू. बगा काय बगायचं ते. घर कसलं, गोठा हाय निस्ता."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मालकानंच नावं ठेवायला सुरुवात केल्यावर आम्ही काय करायचं? अमरसिंहांनी तरी आपलं कर्तव्य सोडलं नाही.

"भिंतीला ओल दिसत्या," ते म्हणाले.

"ओल? अवो, पावसाळ्यात आमी भिंतीतनंच पाणी भरतोय. लिहा सायेब."

मी उगाच फाईल उघडून "ओल" असं लिहिलं.

"फरशी उखडलीय."

"समदी. चालताना पाय मुरगाळतोय. परवाच आमची मंडळी पडली."

"वरची खोली केवढी आहे?" मी विचारलं.

गुंडूंचा चेहरा एकदम कोरा झाला. "वरची खोली? न्हाई."

"पण दिसतीय की ती."

"दिसत्या. पर न्हाई."

"मग हा जिना कुठं जातो?"

"कुटंच जात न्हाई. असाच बांधलाय."

अमरसिंह आनंदानं माझ्या कानात कुजबुजले, "मालक गरजू हाय! आता सोडायचं न्हाई." मग घसा खाकरून त्यांनी गुंडूंना विचारलं, "बरं, मग शेवटचं काय धरायचं म्हणताय?"

"तुमीच ठरवा. जेवडं कमी धराल तेवडं बरं."

अमरसिंहांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मलाच लाजल्यासारखं झालं. तेवढ्यात तर गेटसुद्धा आलं नसतं. गुंडूंनी मात्र हात जोडले. "देव भलं करंल तुमचं."

"मग खाली कधी करताय?"

"काय खाली?"

"घर."

गुंडूंच्या गालावरचा फेस हळूहळू खाली सरकला. "तुमी घरफाळ्याचं सायेब न्हवं?"

मी घरपट्टी लावणारा नसून ग्रंथपाल असल्याचं सांगितलं. त्यानं परिस्थिती सुधारली नाही.

"माझं घर इकाय काडलंसा?" गुंडू ओरडले. "ह्या किमतीला? अवो, सागवानी दरवाजा हाय त्यो! ओल कुटं हाय? दावा ओल! त्या भितीला हात लावून बगा, कोरडी ठणठणीत हाय! वरच्या खोलीत उभा ऱ्हायलं की जोतिबाचा डोंगर दिसतोय!"

"पण वरची खोली नाही म्हणालात."

"हाय! दोन हायत!"

एवढ्यात त्यांची पाय मुरगाळलेली मंडळी दणादण पावलं टाकत चहा घेऊन बाहेर आली. आता भांडण होतं हे खरं, पण चहा झालेला होता, आणि झालेला चहा माघारी नेण्याची पद्धत आपल्याकडं नाही. आम्ही ओळीनं कठड्यावर बसून तो प्यायलो आणि गुंडूंनी आम्हाला घराची एकूण एक गोष्ट हाताला धरून दाखवली. वर नेऊन डोंगरही दाखवला. माझ्या फाईलीतला "ओल" हा शब्द त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडला.

"तुमाला पायजे त्ये पलीकडचं पिवळं," निघताना ते म्हणाले. "पिराजीआण्णाचं. आमच्यापरास बारकंच हाय ते."

पलीकडच्या पिवळ्या घराच्या दारात पिराजीआण्णा उभे होते. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. हा माणूस उभी हयात जनावरांच्या बाजारात सौदे जमवत आलेला. त्यांनी मला खालून वर असं सावकाश बघितलं, मग मागं जाऊन बघितलं. घर बघायला मी आलो होतो, पण तपासणी माझी चालली होती.

"चष्मा कवापासनं हाय?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजपासून."

"हूं. चाल जरा मंद हाय. पर सोभाव गरीब दिसतोय." हे ते दस्तगीरभाईंना सांगत होते. दस्तगीरभाईंनी मान डोलावली. माझ्या बाजूनं आलेल्या माणसानं निदान मान तरी डोलवायला नको होती.

आम्ही आत गेलो. आणि निशिगंधा खोकली.

उंबऱ्यावर खोकली, देवळीपाशी खोकली, माजघरातल्या लाकडी फडताळापाशी दोनदा खोकली. अमरसिंह बिचारे एकेका गोष्टीला नावं ठेवत पुढं चालले होते. "छत बुटकं हाय. खिडक्या बारक्या हायत. उजेड न्हाई." आणि मागून प्रत्येक वाक्याला निशिगंधाचा खोकला. संयोगितावहिनींनी स्वयंपाकघर पूर्वेला असल्याचं जाहीर केलं, पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ते पश्चिमेला गेल्याचं जाहीर केलं. दस्तगीरभाई हात पसरून आडवे चालत आतल्या खोलीत शिरले आणि आतून ओरडले, "जातीय! डबल जातीय!" धोरण काय ठरलं होतं ते माणूस पार विसरला होता.

परसातला शेवगा खरोखरच होता, शेंगांनी वाकलेला. तो बघून निशिगंधाला जी उबळ आली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता खरंच ठसका लागला.

स्वयंपाकघरातून पिराजीआण्णांच्या पत्नी, बायडाबाई, लगबगीनं बाहेर आल्या. "आगं बया! पोरीला किती खोकला ह्यो! आणि तुमी चौघं भिती ठोकत हिंडताय व्हय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की खोकला मीच दिला असावा. "चल गं आत. आल्याचा काडा देतो. ह्यास्नी ठोकू दे."

त्या निशिगंधाला हाताला धरून आत घेऊन गेल्या. पुढचं मी दारातून ऐकलं. ऐकायचं म्हणून नव्हे, अमरसिंह त्या भिंतीला कान लावून ती पोकळ आहे का बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी होतो.

"म्हायार कुटलं तुजं?"

"शाहूवाडीकडचं." मग थोडा वेळ कपाचा आवाज. "आता नाही कुणी. आईबाबा दोघंही गेले. घर बंदच असतं. लग्नानंतर दोन वर्षांत सगळं... आता माहेरी जाते असं म्हणायलाच काही नाही."

हे ती मला कधी बोलली नव्हती. दिवाळी आली की ती फराळ नेहमीपेक्षा जास्त करते आणि गल्लीत वाटत सुटते, एवढंच मी बघत होतो आणि तेल किती लागतंय याबद्दल बोलत होतो. मी भिंतीपासून बाजूला झालो. अमरसिंहही झाले.

आत डबे उघडल्याचे आवाज आले. मग बायडाबाईंचा आवाज. "हितं बस, पाटावर. पदर पसर." बाईमाणूस पहिल्यांदा घरी आलं की ओटी भरायची, त्यात काही नवीन नाही. तांदूळ, नारळ, खण. पण बायडाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आमाला योकच पोरगा. लेक न्हाई. आजपास्नं तू ह्या घरची लेक. कळलं? रडू नगं, काडा निवतोय."

निशिगंधा बाहेर आली तेव्हा तिचा खोकला पूर्ण बरा झालेला होता. काखेत नारळ होता. आणि डोळ्यांत असं काहीतरी होतं, की मी आपोआप ताठ उभा राहिलो.

पुढच्या सोप्यात सतरंजीवर सौदा सुरू झाला. अमरसिंहांनी घसा ओला करून सगळा पाढा पुन्हा वाचला. "छत बुटकं, उजेड न्हाई, भिंतीला ओल..."

"ओल कुठाय?" निशिगंधा म्हणाली.

अमरसिंह थबकले. त्यांनी डोळ्यांनी तिला खोकायची खूण केली.

"आणि छत बुटकं नाही. उन्हाळ्यात गार राहतं अशानं. तुमच्या स्लॅबखाली मे महिन्यात काय होतं ते सांगू का?"

"वहिनी," अमरसिंह रडवेल्या आवाजात म्हणाले, "तुमी कुणाकडनं?"

"माहेरकडनं."

पिराजीआण्णांच्या मिशा हलल्या. मी प्रसंग ओळखून ठरलेला आकडा पटकन सांगून टाकला. जाहिरातीपेक्षा बराच कमी होता, पण माणसानं सुरुवात तशीच करायची असते.

"एवढ्यात?" निशिगंधा माझ्यावर उखडली. "माझ्या आईबापाचं घर एवढ्यात मागता? लाज नाही वाटत?"

"अगं, पण आपल्यालाच द्यायचेत ना पैसे!"

"म्हणूनच सांगते. वाढवा."

मी वाढवले. स्वतःच्या बायकोच्या धाकानं स्वतःच्या खिशातून. तेवढ्यात पिराजीआण्णांनी हात वर केला. मला वाटलं, आणखी मागतील.

"थांबा पावणं. एवडं नगं. जावयाकडनं एवडं घेतलं म्हंजे गावात त्वांड दावाय जागा न्हाई ऱ्हायची. कमी करा."

"आण्णा, तुम्ही मधे पडू नका," निशिगंधा म्हणाली. "त्यांना परवडतं."

"मला परवडत नाही!" मी ओरडलो.

"बगा, त्येला परवडत न्हाई. कमी कर, पोरी."

"अजिबात नाही. वाढवा हो!"

असा सौदा पंचक्रोशीत झाला नसेल. घेणारी वाढवत होती, विकणारा उतरवत होता आणि मी दोघांच्या मधे बसून दोघांनाही "थांबा" म्हणत होतो. अमरसिंहांनी डोकं हातात धरलं होतं. त्यांच्या आयुष्यभराच्या व्यवहारज्ञानाला तडा गेला होता. संयोगितावहिनी मात्र दोन्हीकडून रडत होत्या. आवाज ऐकून गुंडू अर्ध्या दाढीनिशी कंपाउंडवरून डोकावले आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "आमच्या घराला ह्याच्या दीडपट दिलं तरी मी इकणार न्हाई."

शेवटी पिराजीआण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "ही पोरगी ऐकायची न्हाई. पावणं, हात आणा हिकडं." त्यांनी माझा हात ओढला, दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला आणि आतून माझी बोटं दाबायला सुरुवात केली.

बाजारात जनावराचा भाव असा टॉवेलाखाली बोटांनी ठरतो, हे मी ऐकून होतो. कुठलं बोट म्हणजे किती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. आमच्या लायब्ररीत हा विषय नाही. त्यांनी दोन बोटं दाबली. मी मान डोलावली. त्यांनी तीन दाबली आणि अंगठा मुरगळला. मी "आई गं" म्हणालो. ते हसले आणि एक बोट सोडलं. मी पुन्हा मान डोलावली, कारण नाही म्हणताना कुठलं बोट दाबायचं हेही मला माहीत नव्हतं.

टॉवेल निघाला. "ठरलं," पिराजीआण्णा म्हणाले.

"काय ठरलं?" सगळ्यांनी एकदम विचारलं. त्यात मीही होतो.

त्यांनी आकडा सांगितला. माझ्या पहिल्या आकड्याच्याही खाली होता. आतापर्यंतचं सगळं नाटक, ती ठोकाठोक, ती फाईल, सगळ्याची मला मनापासून शरम वाटली. निशिगंधा "नाही, आण्णा, असं नाही चालणार" म्हणत उठली, पण म्हाताऱ्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"टॉवेलाखालचा शब्द मोडत न्हाईत. पोरगा फुडच्या म्हैन्यात पुण्याला न्हेतोय आमाला, आठव्या मजल्यावर. घर कुणाला तरी द्यायचंच हाय. बाजारात दिलं काय आणि लेकीला दिलं काय."

"पर दिवाळीचं चार दिस आमी हितं येणार," बायडाबाई मधेच म्हणाल्या. "लेकीच्या हातचं खाणार. आणि पाडव्याला जावयाला पाटावर बसवून मीच वाडणार."

"आणि मधे?" निशिगंधानं विचारलं. तिचा आवाज नीट नव्हता. "मधे मला माहेरी यावंसं वाटलं तर?"

"येडी का काय! तू हितंच ऱ्हाणार की!"

मग त्या दोघी गळ्यात पडून रडल्या, संयोगितावहिनी त्यांच्यात जाऊन मिळाल्या आणि गुंडूंनी कंपाउंडवरून आपल्या मंडळींना आम्हा पुरुषांसाठी पुन्हा चहा टाकायला सांगितलं.

परतताना ओम्नीत निशिगंधा मागच्या सीटवर मांडीत ओटी धरून बसली होती, शेवग्याच्या शेंगांची जुडी पायाशी. ती खिडकीबाहेर बघून हसत होती, कुणासाठी नाही, आपलं आपणच. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या टॉवेलाला नमस्कार केला.

अमरसिंह मात्र अस्वस्थ होते. ते बोटांवर काहीतरी जुळवून बघत होते. रंकाळ्याच्या वळणावर त्यांचा हिशेब जुळला आणि ते सीटवरून निम्मे उठले.

"लायब्ररीवाले! घर बायकोचं म्हायार. तुमी त्या घरचं जावई. आणि आता तुमी ऱ्हाणार तितंच."

"मग?"

"मग काय! स्वताच्या पैशानं घर इकत घेऊन घरजावई झालेला मानूस जिल्ह्यात पयलाच आसंल की वो!"

दस्तगीरभाईंनी हसता हसता गाडी बाजूला घेतली. मला चिक्कार उत्तरं सुचत होती. पण मागून निशिगंधानं विचारलं, "काय झालं हो?" आणि मी आवाज खाली आणून "काही नाही" म्हणालो. घरजावयानं फार बोलायचं नसतं.